राखीव बाक रिकामा कोणी ठेवला?

एकशे चाळीस कोटींच्या देशाला आपल्याच भूमीवर, आपणच भरवलेल्या स्पर्धेत, मैदानात उतरवायला तेरा खेळाडू मिळाले नाहीत. हे घडले 23 जानेवारी 2022 रोजी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. महिला फुटबॉलच्या आशियाई चषकात भारताची गाठ चिनी तैपेईशी पडायची होती. तेवीस जणींच्या चमूतल्या बारा जणी कोरोनाबाधित निघाल्या, दोघी जायबंदी होत्या. उरल्या नऊ. आशियाई महासंघाचा नियम किमान तेरांचा. सामना झालाच नाही. यजमानांनी माघार घेतली असे धरण्यात आले, आधी झालेला इराणविरुद्धचा सामनाही हिशेबातून पुसला गेला, आणि 2023 च्या विश्वचषकाची वाट त्या मुलींसाठी हॉटेलच्या बंद खोल्यांत संपली.

साथीचा दोष आम्ही कोणाच्या माथी मारणार नाही. बारा जणी एकदम आजारी पडल्यावर जगातला कोणताही संघ लंगडाच होतो. पण साथीचे नाव पुढे करून भारतीय फुटबॉल महासंघाने जो प्रश्न त्या रात्री झाकला, तो आम्ही झाकू देणार नाही. त्याच मैदानावर तीन दिवस आधी, 20 जानेवारीला, भारत इराणशी शून्य-शून्य बरोबरीत अडकला होता. तेव्हा संघ साथीने लंगडा झालेला नव्हता. संधी मागून संधी आली आणि गोलजाळे हलले नाही. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू बाला देवी दुखापतीमुळे संघाबाहेर होती, आणि तिच्या मागे उभी राहील अशी दुसरी, तिसरी, चौथी आघाडीपटू या देशाने घडवलेलीच नव्हती. संघाची खोली म्हणतात ती हीच. पहिली पडली तर दुसरी उभी राहते की नाही, यावर संघ मोजला जातो. आम्ही मोजलो गेलो आणि कमी भरलो.

याच स्पर्धेचा अंतिम सामना 6 फेब्रुवारीला नेरूळमध्येच झाला. चीन दोन गोलांनी मागे होता. त्याने दोन्ही गोल फेडले आणि भरपाई वेळेत तिसरा गोल करून दक्षिण कोरियाला 3-2 असे हरवले. विजयी गोल करणारी शियाओ युयी राखीव बाकावरून आत आली होती. ज्या गवतावर यजमानांचा बाक ओस पडला, त्याच गवतावर दोन आठवड्यांनी एका राखीव खेळाडूने आशियाचा चषक फिरवला. याहून स्पष्ट निकालपत्र कोणते हवे?

कोणी म्हणेल, आपल्या मुलींच्या रक्तात ते नाही. ज्यांच्या जिभेवर हे वाक्य येते त्यांनी 2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आठवावी. मैदान तेच. खेळ क्रिकेट. विश्वचषक ऐन भरात असताना सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली. तिच्या जागी शेफाली वर्माला बोलावले. शेफाली मूळ संघात नव्हती. ती त्या वेळी देशांतर्गत स्पर्धेत हरियाणाकडून खेळत होती. ती आली, अंतिम सामन्यात 87 धावा ठोकल्या, वर दोन बळी घेतले, सामनावीर ठरली, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक उचलला. शेफाली आकाशातून पडली नाही. संघाबाहेर गेल्यावरही तिला खेळायला स्पर्धा होत्या, समोर गोलंदाज होते, धावा मोजणारे कोणी होते. बोलावणे आले तेव्हा तिची बॅट गंजलेली नव्हती. क्रिकेटमध्ये संघाबाहेरचा खेळाडू खेळत राहतो. फुटबॉलमध्ये संघाबाहेरचा आघाडीपटू संपतो. फरक रक्ताचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था माणसे चालवतात. त्या माणसांना आज आम्ही जाब विचारतो आहोत.

पुरुषांच्या फुटबॉलकडे या. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी क्लबच्या चाहत्यांत दर हंगामाच्या तोंडावर एकच वाद रंगतो. वाशी-नेरूळहून हार्बर लोकल पकडून अंधेरीच्या फुटबॉल अरिनाकडे निघालेल्या पोरांच्या तोंडी तो ऐकू येतो: यंदा पुढे कोण? आणि तो दुखापतग्रस्त झाला तर त्याच्या मागे कोण? वाद अगदी रास्त आहे. पण उत्तरादाखल जी नावे येतात ती ऐका. 2014 मध्ये निकोला अनेल्का. 2016 मध्ये दिएगो फोर्लान. पुढे मोदू सूगू. 2020-21 च्या विजेत्या संघात अॅडम ले फाँड्र आणि बार्थोलोम्यू ओग्बेचे. मग इगोर अंगुलो. मग होर्हे पेरेरा दियाझ. मग निकोस करेलिस. फ्रान्स, उरुग्वे, सेनेगल, इंग्लंड, नायजेरिया, स्पेन, अर्जेंटिना, ग्रीस. जगाचा नकाशा फिरून झाला, आणि त्यात शीव नाही, मानखुर्द नाही, कोपरखैरणे नाही, कोल्हापूर नाही, मडगाव नाही.

या परदेशी खेळाडूंवर आमचा राग नाही. दियाझने घाम गाळला, गोल केले, 4 मे 2024 रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्धच्या लीगच्या अंतिम सामन्यात पिछाडीवर पडलेल्या मुंबईला बरोबरी मिळवून दिली. त्याच सामन्यात उरलेले दोन गोल बिपिन सिंग आणि याकुब वोयतुश यांनी केले आणि करंडक मुंबईत आला. आमचा राग आहे तो या गोष्टीवर की दियाझ गेला आणि त्याची जागा भरायला क्लबला पुन्हा विमानतळावरच जावे लागले. आमची पोरे तेव्हा कुठे खेळली ते पाहा. लालियानझुआला छांगटे, विक्रम प्रताप सिंग, बिपिन सिंग. तिघेही गुणी, तिघेही लढवय्ये. 24 एप्रिल 2024 रोजी गोव्यात उपांत्य सामन्यात मुंबई 90 व्या मिनिटापर्यंत दोन गोलांनी मागे होती, आणि छांगटेचे दोन व विक्रमचा एक अशा तीन गोलांनी काही मिनिटांत सामना उलटला. ज्यांनी तो पाहिला ते जन्मभर विसरणार नाहीत. पण तिघेही कडेच्या पट्ट्यातले. बाजूची पट्टी भारतीयांची आणि मधला गाभारा परदेशी माणसाचा, अशी ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि ती कोणी निसर्गाने केलेली नाही.

परदेशी खेळाडूंची मर्यादा कमी केली की प्रश्न सुटेल, असे सांगितले जात होते. 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी, असा नियम आला. प्रशिक्षकांनी काय केले? बचावातला एखादा परदेशी कमी केला, बाजूचा कमी केला, आणि नऊ नंबरची, म्हणजे मध्य आघाडीपटूची, जागा हात न लावता तशीच राखून ठेवली. कारण प्रशिक्षकाची नोकरी गोलांवर टिकते आणि गोल नऊ नंबरकडून येतात. पुढच्या रविवारी हकालपट्टी होईल की काय, या भीतीने जगणाऱ्या माणसाला एकोणीस वर्षांच्या भारतीय पोरावर भरवसा ठेवण्याचे धैर्य होणार नाही. ते धैर्य महासंघाने नियमात लिहायला हवे होते. महासंघाने ते लिहिले नाही.

परिणाम काय झाला? 6 नोव्हेंबर 2023 रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीचा अल हिलाल नेरूळमध्ये उतरला. स्टेडियमवर मोठी गर्दी होती. मुंबई सिटी जिवाच्या आकांताने लढली आणि 0-2 हरली. त्या गटातले सहाच्या सहा सामने मुंबईने गमावले. 29 मार्च 2025 रोजी बंगळूरूने बाद फेरीत मुंबईचा 5-0 असा फडशा पाडला. आणि राष्ट्रीय संघ? जानेवारी 2024 मध्ये कतारच्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया असे तीन सामने, तीन पराभव, आणि भारताच्या नावावर एकही गोल नाही. जून 2024 मध्ये आघाडीपटू सुनील छेत्रीने निवृत्ती घेतली. वर्षभर वाट पाहण्याचीही गरज पडली नाही. मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावे लागले. तो आला आणि मालदीवविरुद्ध गोलही करून गेला. चाळीस वर्षांच्या माणसाला आपल्या जागी कोणीच नाही म्हणून पुन्हा बूट चढवावे लागतात, यात छेत्रीचा गौरव आहे आणि भारतीय फुटबॉलच्या कारभाऱ्यांची बेअब्रू आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मडगावात सिंगापूरकडून 1-2 हरून भारत 2027 च्या आशियाई चषकातून बाहेर फेकला गेला.

या छेत्रीचे नेरूळशी नाते आहे. 2015 मध्ये मुंबई सिटीचे घर डी. वाय. पाटील स्टेडियम होते, आणि याच मैदानावर त्याने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले. इंडियन सुपर लीगमधली ही भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक. त्या वेळी ज्या पोराने नेरूळच्या स्टँडमध्ये दहाव्या वर्षी ते तीन गोल पाहिले, तो आज विशीत आहे. त्याला फुटबॉलचा आघाडीपटू व्हायचे होते, असे धरून चला. त्याच्यासाठी या शहराने काय केले?

आघाडीपटू म्हणजे केवळ गोलपुढे उभा राहून चेंडू ढकलणारा, असा गैरसमज आहे. त्याचे खरे कसब चेंडू घेण्यात आहे. पाठ गोलकडे, अंगावर दणकट बचावपटू, मागून पंचवीस-तीस यार्डांवरून सुटलेला पास, आणि तो पहिल्या स्पर्शात मारायचा की मारून न घालवता पायाशी धरायचा, हे अर्ध्या क्षणात ठरवायचे. बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत, ऑफसाइडच्या रेषेवर तरंगत, नेमक्या पावलावर धाव घ्यायची. कडेने आलेला क्रॉस जवळच्या खांबापाशी गाठायचा की लांबच्या. हे शहाणपण पायांत मुरायला हजारो वेळा पूर्ण आकाराच्या मैदानावर, सपाट गवतावर, अकरा विरुद्ध अकरा खेळावे लागते. खडीवर चेंडू वेडावाकडा उडाला की मूल पहिला स्पर्श शिकत नाही, अंग वाचवायला शिकते.

आणि नवी मुंबईच्या मुलाला काय मिळते? जाळीत बंदिस्त केलेले टर्फ. पाच विरुद्ध पाच. तासाच्या भाड्याने. ज्या घरात महिन्याचा हिशेब दुधाच्या पिशवीपासून मांडावा लागतो, त्या घरातले पोर या जाळीत किती वेळा शिरू शकेल? आणि शिरले तरी तिथे ऑफसाइड नाही, लांब क्रॉस नाही, डोक्याने मारायची उंची नाही. तिथे चपळ पाय तयार होतात, चुणचुणीत बाजूचे खेळाडू तयार होतात, नऊ नंबर तयार होत नाही. आपल्या संघांत बाजूचे खेळाडू चिक्कार आणि मधला आघाडीपटू एकही नाही, याचे एक मोठे कारण शहरांच्या या कोंडलेल्या जाळ्यांत आहे, असे आमचे ठाम मत आहे.

मोकळी मैदाने गेली कुठे, याचे उत्तर घणसोलीला मिळते. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली ती मुंबईची घुसमट नव्या शहरात होऊ नये म्हणून. कागदावर आखलेले शहर, प्रत्येक सेक्टरला शाळा, बाग, मैदान, अशी ग्वाही होती. घणसोलीतल्या सेक्टर 12 आणि 12 ए मधला वीस एकरांचा भूखंड 2003 मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी राखून ठेवण्यात आला. वीस एकर! फुटबॉलची पूर्ण आकाराची कितीतरी मैदाने तिथे झाली असती, धावमार्ग झाला असता, वसतिगृह झाले असते. त्याऐवजी झाले काय? वर्षे गेली, संकुलाची वीट रचली गेली नाही. सिडकोने त्या जमिनीतला भाग खासगी विकासकाच्या हाती दिला. मग 2021 मध्ये राज्य सरकारने ठरवले की संकुल नवी मुंबईत नकोच. ते रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी करू. घणसोलीपासून शंभर किलोमीटरहून दूर! घणसोलीच्या चाळीतल्या, कोपरखैरणेच्या बैठ्या घरातल्या, रबाळ्याच्या वस्तीतल्या मुलाने शाळा सुटल्यावर सरावाला माणगाव गाठावे, अशी या राज्यकर्त्यांची अपेक्षा होती काय?

वास्तुविशारदांच्या संघटनेच्या नवी मुंबई केंद्राने न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून हे थांबले. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला. तरीही शुद्ध आली नाही. निकाल फिरवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मोकळ्या जागा बिल्डरांच्या घशात घालण्याच्या या वृत्तीवर कडक शब्दांत कोरडे ओढले. मुलांच्या खेळाच्या जागेसाठी नागरिकांना आपल्याच सरकारशी न्यायालयात झगडावे लागते, ही या राज्याला काळिमा फासणारी गोष्ट आहे. सिडकोच्या ज्या अधिकाऱ्यांनी ते कागद रंगवले आणि मंत्रालयातल्या ज्यांनी त्यावर सह्या केल्या, त्यांनी भारताच्या आघाडीफळीचे जेवढे नुकसान केले तेवढे समोरच्या कोणत्याही बचावपटूने केले नसेल.

याच घणसोलीत रिलायन्सच्या आवारात 2015 पासून निवासी फुटबॉल अकादमी चालते. गवत उत्तम, प्रशिक्षक उत्तम, मुलांच्या शिक्षणाची सोय आहे. चांगल्याला आम्ही चांगलेच म्हणू. पण देशभरातून निवडलेल्या मूठभर मुलांची ती शाळा आहे. खारघरला सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले, तेही योग्यच. पण उत्कृष्टता केंद्रात कोणाला पाठवणार? तिथवर पोहोचणारी मुले आधी कुठेतरी रोज संध्याकाळी खेळलेली असावी लागतात. मुळे तोडून शेंड्याला पाणी घातले तर झाड जगत नाही. वाशी, बेलापूर, नेरूळची जी मैदाने शिल्लक आहेत त्यांवर क्रिकेटच्या खेळपट्ट्या, मेळावे, प्रदर्शने, गरब्याचे मंडप आणि लग्नाचे तंबू यांचा वर्षभर राबता असतो. खुंट्यांची भोके बुजायच्या आत पुढचा मंडप उभा राहतो. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला उरते ती कडेची पट्टी. तो तिथेच खेळायला शिकतो, तिथलाच होतो.

आणि उत्सवांची तर काय हौस! 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य सरकारने महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा संकल्प सोडला. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. देवेंद्र फडणवीस तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या दिवशी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज विशीच्या आसपास आहेत. आघाडीपटू चमकावा असे हेच वय. दहा लाखांतला एक तरी नऊ नंबर आज मुंबई सिटीच्या बाकावर दाखवा! एक! ऑक्टोबर 2017 मध्ये नेरूळच्या मैदानावर स्पेनने मालीला उपांत्य सामन्यात 3-1 असे नमवले. आबेल रुइझने दोन आणि फेरान टोरेसने एक गोल केला. फेरान पुढे बार्सिलोनात पोहोचला. भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने केला, आणि जॅक्सन मधल्या फळीचा खेळाडू. पाच वर्षांनी, 2022 मध्ये, मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात आला. भुवनेश्वरला आपल्या मुलींनी अमेरिका, मोरोक्को, ब्राझील यांच्याशी तीन सामने खेळले, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. अंतिम सामना पुन्हा नेरूळला, पुन्हा दिव्यांचा झगमगाट, पुन्हा मान्यवरांची रांग. जगाच्या लेकी इथे येऊन चषक नेतात आणि आमच्या लेकींना गोल करायला शिकवणारा प्रशिक्षक तालुक्याला मिळत नाही.

2017 च्या मुलांच्या त्या संघाचा एक आघाडीपटू आपल्या मातीतला होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला, 2017 च्या विश्वचषकात भारताच्या आघाडीवर उभा राहिलेला. ज्या शहरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना आजही अफाट गर्दी लोटते, जिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या नावाने माणसे जिवाची बाजी लावतात, त्या शहराचे हे लेकरू. व्यावसायिक क्लबांत गेल्यावर त्याचा वापर मुख्यतः बाजूच्या पट्ट्यात होत राहिला, कारण मधली जागा आधीच दुसऱ्या कोणाची होती. एका मुलाची ही गोष्ट वाटते. तिच्यात आमच्या सगळ्या फुटबॉलची गोष्ट आहे.

ही मुंबई नेहमी अशी नव्हती. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवून उपांत्य फेरी गाठली तेव्हा तीन गोल केले नेव्हिल डिसूझाने. ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. हा नऊ नंबर मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. टाटा, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांच्या संघांनी पोरांना नोकरी दिली, पोटाची काळजी मिटवली, आणि रोज खेळायला लावले. कूपरेजवर रोव्हर्स चषकाला गर्दी व्हायची. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघच मोडीत निघाला. मुंबई एफसी 2017 मध्ये गेली. एकेक संघ गेला तसा आघाडीपटूच्या शिडीचा एकेक डांडा निखळला. आता तर डिसेंबर 2025 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीतून काढता पाय घेतला, आणि महासंघाच्या हलगर्जीपणामुळे त्या हंगामाची लीग महिनोन्‌महिने सुरूच होऊ शकली नाही. ज्या देशात वरिष्ठ लीग कधी सुरू होणार हेच खेळाडूंना कळत नव्हते, तिथे राखीव फळीची चिंता कोण करणार?

मग शोध सुरू होतो पासपोर्टांचा. ऑस्ट्रेलियात वाढलेला, बंगळूरूकडून खेळणारा रायन विल्यम्स 2025 मध्ये भारतीय नागरिक झाला. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्याच्या आईचे कुळ मुंबईचे, त्याचे आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळले. त्याने आपला पासपोर्ट सोडला, ही लहान गोष्ट नाही. पण महासंघाने याला धोरण समजू नये. दूरदेशीच्या नातवाला हाक मारणे सोपे; इथल्या नातवाला मैदान देणे कठीण. कठीण ते करण्यासाठीच महासंघ असतो.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर आला. त्याच मंचावरून राज्य सरकारने तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी 'महादेवा' योजनेचा गाजावाजा केला. मुख्यमंत्री पुन्हा फडणवीसच. हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण 2017 चा हिशेब दिल्याशिवाय 2025 चे वचन आम्ही स्वीकारणार नाही. त्या दहा लाख मुलांपैकी किती खेळत राहिली? शाळांना दिलेल्या चेंडूंचे काय झाले? शाळांत क्रीडाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या का? याची उत्तरे मंत्रालयाने जाहीर करावीत.

आमच्या मागण्या मोघम नाहीत. घणसोलीचे वीस एकर पूर्णच्या पूर्ण खेळासाठी परत घ्या आणि त्यात पूर्ण आकाराची, गवताची, विनाशुल्क फुटबॉल मैदाने आधी करा; प्रेक्षकांच्या खुर्च्या आणि मानाच्या कोनशिला नंतर. नवी मुंबई महापालिकेने प्रत्येक विभागात एक मैदान फुटबॉलसाठी बारमाही राखून ठेवावे आणि त्यावर मंडपाची एकही परवानगी देऊ नये. महासंघाने वरिष्ठ लीगमध्ये तेवीस वर्षांखालील भारतीय मध्य आघाडीपटूला ठरावीक मिनिटे खेळवण्याची सक्ती करावी, आणि क्लबांच्या राखीव संघांची लीग सप्टेंबर ते एप्रिल अशी सलग चालवावी, दोन महिन्यांत उरकणारी नव्हे. मुलींसाठी हेच सारे, त्याच मापाने. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून आपल्या महिला संघाने आशियाई चषकात पात्रतेने प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि तीही मधल्या फळीची. या मुलींनी महासंघाच्या मदतीने नव्हे तर महासंघ असूनही हे केले.

नवी मुंबईकरांनो, तुमच्या शहरात जगातले मोठे सामने होतात म्हणून छाती फुगवण्याआधी आपल्या सेक्टरच्या मैदानाचा आराखडा सिडकोकडून मागवा. त्यावर काय आरक्षण होते आणि आज तिथे काय उभे आहे ते पाहा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, प्रभाग कार्यालयात जा, नगरसेवकाला दारात उभे करून विचारा. घणसोलीच्या जागेसाठी मूठभर नागरिक न्यायालयात गेले तेव्हा सरकारला थांबावे लागले. मूठभरांनी जे केले ते आता हजारोंनी करायचे आहे.